साळबाईचा तह आणि कल्याण परिसर : ‘परत मिळालेल्या’ मुलखाची एक तपासणी

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस साळबाई येथे झालेल्या तहाने झाला. पुरंदरच्या तहानंतर कंपनीने जिंकलेला मुलूख या तहान्वये पेशव्यांना परत मिळाला, हे विधान मराठी इतिहासग्रंथांतून इतक्या वेळा आलेले आहे, की त्यातील ‘परत मिळाला’ या शब्दांचा अर्थ तपासण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. मुलूख परत मिळाला म्हणजे नेमके काय परत मिळाले? किल्ल्यावरचे निशाण बदलले, वसुलाचा हक्क पूर्वीच्या धन्याकडे गेला, की त्या मुलखातील रयतेची आक्रमणापूर्वीची स्थिती पुन्हा प्रस्थापित झाली? हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरण्याची चूक विजयाच्या आनंदात जशी होते, तशीच पराजयाच्या दुःखातही होते.

या प्रश्नांची तपासणी करण्यास कल्याणचा परिसर विशेष सोयीचा आहे. १७७४ ते १७८३ या नऊ वर्षांत आक्रमण, प्रतिकार, ताबा आणि परतफेड या सर्व अवस्था या टापूने पाहिल्या. उल्हास नदीच्या काठचे मोहने हे गाव कल्याण आणि टिटवाळा यांच्या दरम्यान वसलेले आहे. विसाव्या शतकात त्याची ओळख रेयॉनच्या कारखान्याशी जोडली गेली. पुढे ते कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या वस्तीत मिळून गेले. अठराव्या शतकातील लढायांच्या प्रसिद्ध वर्णनांत कल्याण, मलंगगड, टिटवाळा, दुगाड ही नावे येतात. मोहने हे रणक्षेत्र म्हणून येत नाही. फौजा ज्या गावांवरून गेल्या, परंतु जेथे लढल्या नाहीत, अशा गावांचे ते प्रतिनिधी आहे. आणि कोणत्याही युद्धात अशा गावांचीच संख्या मोठी असते.

खाडीचे भूगोल आणि सत्तेचा प्रश्न

घाटमाथ्यावरून उतरलेली उल्हास नदी कर्जत-बदलापूरकडून मोहन्यावरून कल्याणास येते, आणि तेथून खाडीचे रूप घेऊन ठाण्याकडे जाते. ठाण्याजवळ पाण्याचे दोन मार्ग होतात. एक पश्चिमेस घोडबंदरावरून वसईकडे समुद्रास मिळतो. दुसरा ठाण्याच्या खाडीने दक्षिणेस मुंबई बंदरात उतरतो. या दोन मार्गांच्या मध्ये साष्टी बेट आहे. कल्याणहून निघालेले गलबत मुंबईस जावयाचे असो वा वसईस, साष्टीच्या किनाऱ्याच्या दृष्टीतून सुटून त्यास जाता येत नाही. ठाण्याचा किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती कल्याणच्या पाण्याची किल्ली. साळबाईच्या तहाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

जमिनीच्या बाजूने कल्याण हे घाटवाटांचे तोंड होते. बोरघाट, माळशेज आणि थळघाट या तिन्ही दिशांचा माल येथे उतरे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, आणि १६७४ साली राज्याभिषेकाच्या प्रसंगी इंग्रजांशी झालेल्या तहात ज्या ठिकाणी वखारी घालण्याची परवानगी देण्यात आली त्यांत कल्याणचे नाव होते, ते या व्यापारी महत्त्वामुळेच. पेशवाईत कल्याण हे सुभ्याचे ठाणे झाले. १७५६ च्या आंग्र्यांवरील मोहिमेच्या वेळी पुढे आलेला रामाजी महादेव हा याच सुभ्याचा अधिकारी होता.

१७३९ चा वारसा

इंग्रजांच्या स्वारीचा विचार करण्यापूर्वी एका जुन्या स्वारीचे स्मरण ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. साष्टी आणि वसई सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होती. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले; १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पाच्या फौजेने वसई जिंकली. परकीय अंमलाचा अंत म्हणून या विजयाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु साष्टीतील जी रयत दोन शतके पोर्तुगीज अंमलाखाली राहिली होती, तिच्यात ख्रिस्ती झालेले कोळी, भंडारी, कुणबी होते. त्यांच्या दृष्टीने १७३९ ची घटना नव्या धन्याचे आगमनही होती. या रयतेचे चर्च व धर्माचार मराठी अंमलात टिकून राहिले होते, हे १७६० च्या अखेरीस साष्टीतून प्रवास करणाऱ्या आंकतील द्यु पेरों या फ्रेंच विद्वानाच्या वृत्तान्तावरून दिसते. म्हणजे अंमल बदलला म्हणून जीवन समूळ बदलले असेही नाही, आणि बदलले नाही म्हणून कोणास काही सोसावे लागले नाही असेही नाही. हाच विवेक १७७४ नंतरच्या घटनांनाही लावला पाहिजे.

ठाण्याचा पाडाव : कारण आणि निमित्त

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर आला, परंतु नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध कट केला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म होताच रघुनाथरावाचा हक्क अधिकच दुबळा झाला, आणि त्याने मुंबईकर इंग्रजांशी बोलणे लावले. पुढील सर्व अनर्थाचे मूळ या एका पुरुषाच्या राज्यलोभात शोधण्याची प्रथा पडली आहे. ‘राघोबाने इंग्रज घरात घेतला’ हे वाक्य त्या प्रथेचे सार होय.

तारखांचा क्रम पाहता हे वाक्य अर्धेच खरे ठरते. साष्टी व वसई मिळावी ही मुंबईकरांची इच्छा जुनी होती. टॉमस मॉस्टिन यास १७६७ साली व पुन्हा १७७२ साली पुण्यास पाठविण्यात आले, तेव्हा हीच इच्छा त्या वकिलातीमागे होती. १७७४ च्या अखेरीस पोर्तुगीज आपला गमावलेला मुलूख परत घेण्यासाठी गोव्याहून आरमार पाठवीत आहेत अशी वार्ता आली. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने रघुनाथरावाशी तह पुरा होण्याची वाट न पाहता जनरल गॉर्डनच्या हाताखाली फौज रवाना केली. ठाण्याच्या किल्ल्यावरील पहिला हल्ला मराठी शिबंदीने परतविला. त्यात शत्रूची मोठी हानी झाली. आरमाराचा प्रमुख कमोडोर वॉटसन याला प्राणघातक जखम झाली. दुसऱ्या दिवशी, २८ डिसेंबर १७७४ रोजी, किल्ला हल्ला करून घेण्यात आला आणि आतील शिबंदीपैकी बहुतेकांची कत्तल झाली. हे शेवटचे विधान मराठी अभिनिवेशातून आलेले नाही. ते इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ याच्या ग्रंथातच आहे.

रघुनाथरावाने साष्टी-वसई लिहून दिली तो सुरतेचा तह ६ मार्च १७७५ चा. म्हणजे ठाणे पडल्यावर दोन महिन्यांहून अधिक काळाने, जे आधीच घेतलेले होते त्याचे दानपत्र करण्यात आले. रघुनाथरावाचा दोष यामुळे कमी होत नाही. परंतु आक्रमणाचे कारण आणि आक्रमणाचे निमित्त या दोहोंतील भेद मात्र स्पष्ट होतो. मुंबईस अन्नधान्य बाहेरून आणावे लागे. बंदराच्या तोंडाशी असलेले भातशेतीचे बेट परक्याच्या हाती असणे हे तिच्या व्यापाऱ्यांना व अधिकाऱ्यांना सोयीचे नव्हते. रघुनाथराव नसता तरी ही गैरसोय राहिलीच असती.

कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने मुंबईकरांच्या या युद्धास अनधिकृत व अन्याय्य ठरविले, आणि कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह करविला. या निषेधाचे मराठी लेखकांनी पुष्कळदा समाधानपूर्वक स्मरण केले आहे. पण पुरंदरच्या तहात साष्टी कंपनीकडेच राहिली, आणि वर रघुनाथरावाच्या मदतीसाठी झालेल्या खर्चापोटी बारा लक्ष रुपये पेशव्यांनी द्यावे असे ठरले. युद्ध अन्याय्य ठरले. त्या युद्धाचे फळ मात्र अन्याय्य ठरले नाही. आक्रमणानंतरच्या निषेधाची किंमत ठरविताना हे उदाहरण बोलके आहे.

वडगाव : विजयाची स्मृती आणि तिची मर्यादा

१७७८ च्या अखेरीस मुंबईकरांनी पुन्हा रघुनाथरावास घेऊन बोरघाट चढला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट मारला गेला. तळेगावास पोचलेल्या इंग्रजी फौजेस ते गाव मराठ्यांनीच जाळून टाकलेले आढळले. माघार घेताना ती वडगावी कोंडली गेली आणि तेथे तिला अपमानकारक करार लिहून द्यावा लागला. मावळातील लोकस्मृतीत स्ट्यूअर्ट हा ‘इष्टुर फाकडा’ म्हणून उरला. शत्रूच्या शौर्याची अशी कदर करणारी स्मृती मनोहर आहे. परंतु तिच्यात तळेगावच्या जळलेल्या घरांना जागा मिळालेली नाही. ती घरे शत्रूने जाळली नव्हती. राज्यरक्षणासाठी स्वकीयांनी जाळली होती. युद्धदृष्ट्या ते योग्यच होते. तथापि ज्याचे घर जळले त्याच्या हिशेबात ‘शत्रूने’ आणि ‘मित्राने’ असे दोन रकाने पाडणे कठीण असते.

वडगावचा करार मुंबईकरांनी नाकारला. फेब्रुवारी १७७९ मध्ये कर्नल गॉडर्ड उत्तरेकडून मोठी मजल मारून सुरतेस पोचला होता, आणि त्याच्या बळावर युद्धाचे तोंड पुन्हा उघडले. म्हणजे ज्या विजयाचे स्मारक मावळात झाले, त्याचे परिणाम उत्तर कोकणास भोगावे लागले.

१७८०-८१ : कल्याणचा टापू

१५ फेब्रुवारी १७८० रोजी गॉडर्डने अहमदाबाद घेतले. इकडे मराठ्यांनी मुंबई व साष्टीकडे जाणारी रसद तोडली होती. ती खुली करण्यासाठी खाडीपलीकडचा सह्याद्रीपर्यंतचा पट्टा हाती घ्यावा असे मुंबईकरांनी ठरविले. मे महिन्यात कॅप्टन कँपबेल याने कल्याण घेतले. ते सोडविण्यासाठी आलेल्या मराठी फौजेच्या तळावर महिन्याच्या अखेरीस कर्नल हार्टले याने रात्री अचानक छापा घालून तिला मागे रेटले. ऑगस्टमध्ये कॅप्टन ॲबिंग्टन मलंगगडावर चालून गेला. खालची माची त्याला मिळाली, पण वरच्या किल्ल्यातील शिबंदी नमली नाही, उलट मराठी फौजेने त्यालाच वेढले. ऑक्टोबरच्या आरंभी हार्टले याने त्याची सुटका केली. नोव्हेंबरात गॉडर्ड वसईला वेढा घालून बसला. वेढा उठविण्यास येणाऱ्या मराठ्यांना अडविण्याचे काम हार्टलेकडे होते. तो कल्याणच्या बाजूने टिटवाळ्याकडे व तेथून वज्रेश्वरीजवळील दुगाडकडे सरला. ११ डिसेंबर १७८० रोजी वसई पडली. दुसऱ्या दिवशी दाट धुक्यात दुगाड येथे झालेल्या लढाईत मराठ्यांचा सेनानी रामचंद्र गणेश मारला गेला. ज्या वसईसाठी त्याने प्राण दिले, ती आदल्याच दिवशी गेलेली होती.

या वर्णनातील महिने लढाईच्या क्रमाने न वाचता भातशेतीच्या क्रमाने वाचावे, म्हणजे मोहन्यासारख्या गावांच्या बाजूने या मोहिमेचा अर्थ लागू लागतो. उत्तर कोकणात उन्हाळ्यात राब भाजला जातो. मृगाच्या पावसाबरोबर रोप पेरले जाते. आषाढात लावणी होते. आश्विन-कार्तिकात कापणी, आणि त्यानंतर खळ्यावर झोडणी. कल्याणचा ताबा आणि रात्रीचा छापा मे महिन्यात, म्हणजे राब तयार होऊन बी टाकण्याच्या वेळी. मलंगगडची अडवणूक ऐन पावसाळ्यात. त्या महिन्यांत तळावर बसलेल्या फौजेला वैरण, धान्य व लाकूडफाटा आसपासच्या गावांतूनच मिळणार. हार्टलेची ऑक्टोबरातील हालचाल कापणीच्या तोंडावर, आणि टिटवाळा-दुगाडची धावपळ खळ्यांच्या दिवसांत. एका पिकाच्या संपूर्ण फेऱ्यात अशी एकही अवस्था नाही, की जिच्या वेळी या टापूत कोणती तरी फौज वावरत नव्हती.

हार्टलेच्या फौजेच्या आडोशाने भाताच्या पिकाचा मोठा भाग हाती आला, हे इंग्रजी इतिहासांत समाधानाने नोंदलेले आहे. या समाधानाकडे थोडे संशयाने पाहणे भाग आहे. पीक हाती आले ते कोणाच्या? मुंबईची गरज आणि युद्धखर्चाने ओढगस्तीस आलेली कंपनीची तिजोरी पाहता, पीक ‘वाचविणे’ याचा अर्थ ते मराठ्यांच्या वसुलातून वाचवून आपल्या वसुलात आणणे असाच घ्यावा लागतो. कुळाच्या कणगीत त्यातील किती राहिले, हा प्रश्न त्या वाक्यात उपस्थितच होत नाही. उलट मराठी फौजा रसद तोडीत होत्या तेव्हा तीही रसद याच कुळांच्या शेतातली होती. एक पक्ष धान्य नेत होता, दुसरा ते जाऊ देत नव्हता. पेरणारा दोन्ही पक्षांत नव्हता.

पुढील वर्षी गॉडर्ड बोरघाटाच्या माथ्यापर्यंत गेला. हरिपंत फडके, तुकोजी होळकर आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याला पुढे सरकू दिले नाही, व त्याच्या पिछाडीची वाट सतत तोडली. एप्रिल १७८१ मध्ये पनवेलीकडे केलेल्या माघारीत त्याची ४६६ माणसे मारली गेली वा जखमी झाली. त्यांत १८ गोरे अधिकारी होते. मराठ्यांचा हा विजय वडगावापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. परंतु पराभूत फौज नाहीशी झाली नाही. तिचा मोठा भाग पावसाळ्यासाठी कल्याणास येऊन राहिला. घाटावर जिंकलेल्या लढाईचे ओझे अशा रीतीने घाटाखालच्या टापूवर पडले.

येथे साधनांविषयी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गॉडर्डच्या माघारीतील हानी माणूस मोजून दिलेली आहे. दुगाड येथील मराठी फौज मात्र ‘वीस हजारांहून अधिक’ अशी अंदाजाने सांगितलेली आहे. आपली माणसे मोजायची आणि शत्रूची अजमासाने वाढवायची, ही सर्वच लष्करी वृत्तान्तांची रीत आहे. मराठी कागदही याला अपवाद नाहीत. वासुदेवशास्त्री खरे यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तील पटवर्धनी पत्रे या युद्धाची अस्सल साधने होत, परंतु ती सरदारांनी सरदारांस व कारभाऱ्यांस लिहिलेली पत्रे आहेत. त्यांतील चिंता पथकाचा रोजमुरा, दाणावैरण आणि दरबाराची मर्जी यांची असते, आणि ती तशीच असावयाची. इंग्रजी अहवाल आणि मराठी पत्रे परस्परांस ताडून पाहिली तरी दोन्हींत समान असलेली उणीव भरून निघत नाही.

तहाची कलमे

साळबाईचा तह डेव्हिड अँडरसन आणि महादजी शिंदे यांनी केला. त्यात सतरा कलमे होती. वॉरन हेस्टिंग्जने ६ जून १७८२ रोजी त्यास मान्यता दिली. नाना फडणिसाने मात्र डिसेंबरपर्यंत ती लांबविली. हैदरअलीशी पूर्वी झालेला स्नेह आणि त्याच्या जोरावर अधिक पदरात पाडून घेण्याची आशा हे त्याचे कारण होते. ७ डिसेंबरास हैदर मृत्यू पावला, आणि २० डिसेंबरास पुण्याची मान्यता झाली. २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहाच्या प्रतींची अदलाबदल झाली. कल्याण परिसराच्या दृष्टीने हा विलंब अक्षरशः एका पिकाचा होता : तह झाला तेव्हा पेरणीचे दिवस होते, तो पुरा झाला तेव्हा खळी उलगडली होती.

तहान्वये वसई व पुरंदरच्या तहानंतर घेतलेला इतर मुलूख पेशव्यांस परत मिळाला. कल्याणचा टापू त्यातच येतो. साष्टी, घारापुरी, करंजे व आणखी एक लहान बेट ही कंपनीकडे कायमची राहिली. रघुनाथरावास दरमहा पंचवीस हजार रुपये नेमणूक ठरली. तो कोपरगावी जाऊन राहिला व १७८३ च्या अखेरीस वारला. कंपनीच्या व्यापाराच्या सवलती पूर्ववत झाल्या, आणि पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीय राष्ट्रांस पेशव्यांनी वखारी घालू देऊ नयेत असे ठरले.

या कलमांची बेरीज पाहता दोन्ही पक्षांचे दावे अतिशयोक्त वाटतात. इंग्रज लेखकांनी हा तह हेस्टिंग्जच्या मुत्सद्देगिरीचे यश मानला. परंतु ज्या रघुनाथरावासाठी युद्ध झाले तो पेन्शनीत निघाला, आणि आठ वर्षांचा रक्तपात व खर्च होऊन मुंबईकरांच्या हाती १७७४ च्या डिसेंबरात घेतलेल्या मुलखाहून फारसे अधिक राहिले नाही. मराठी लेखकांनी तो आपल्या शस्त्रांचा विजय मानला. परंतु वसई व कल्याण ज्यामुळे सुरक्षित राहिली असती ते ठाणे परत मिळाले नाही. जे घेण्यासाठी सर्वप्रथम आक्रमण झाले, ते आक्रमकाकडेच राहिले. जे नंतर घेतले, ते परत देऊन उदारपणाचे श्रेयही त्याने घेतले. खाडीच्या भूगोलाच्या प्रकाशात पाहिले तर कल्याणचे घर परत मिळाले, पण घराचे दार शेजाऱ्याच्या ताब्यात राहिले.

परतफेडीनंतर

उजाड झालेली गावे पुन्हा वसविण्याची पेशवाईची एक ठरलेली रीत होती. परागंदा कुळांना अभयाचा कौल द्यावयाचा. पडीत जमिनीस काही वर्षे हलका व दरसाल चढत जाणारा इस्तावा ठरवावयाचा. बैलबियाण्यांसाठी तगाई द्यावयाची. पाटील, मढवी आदी गावकामगारांकडून लावणी करवून घ्यावयाची. खाडीकाठी तर आणखी एक अडचण असे. खाऱ्या पाण्यातून बांध घालून काढलेल्या शेतांचा बांध एका पावसाळ्यात दुरुस्त झाला नाही, तर भरतीचे पाणी आत शिरते, आणि जमिनीचा खार धुऊन निघण्यास पुढे अनेक पावसाळे लागतात. या भागातील शिलोत्री जमिनींवर बांधदुरुस्तीसाठी वेगळा आकार घेतला जाई, तो याच कारणाने. म्हणून आक्रमणानंतरचा काळ तहाच्या तारखेने मोजता येत नाही. तो बांधाच्या आणि इस्ताव्याच्या मुदतीने मोजावा लागतो. किल्ल्याचा ताबा एका दिवसात देता येतो. शेताचा देता येत नाही.

या तहाने पुणे व कंपनी यांच्यात वीस वर्षे शांतता राहिली, हे खरे आहे, आणि ती शांतता क्षुल्लक नव्हती. परंतु ती दोन समबल राज्यांतील शांतता होती काय? १७८३ नंतर मुंबईचा व्यापार आणि लोकसंख्या वाढत गेली. साष्टीच्या आधाराने तिला धान्य व पाठीमागचा प्रदेश मिळाला. कल्याणचे तांदूळ, लाकूड व घाटावरचा माल ज्या बाजारात विकला जाई तो बाजार आता कंपनीचा होता. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईसच कंपनीशी तह करून तिची तैनाती फौज पत्करली. वसुलाची इजारदारी बोकाळल्यामुळे त्याच्या अमदानीत रयतेवर बोजा वाढला. याचा दोष परक्यांवर टाकता येणार नाही. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातील कैदेतून निसटला. पेशव्याच्या कारभाऱ्याला कैदेत ठेवण्याची जागा १७७४ साली मराठी शिबंदीने प्राणपणाने लढविलेला हाच किल्ला असावा, यातील विपर्यास कोणत्याही भाष्याची अपेक्षा करीत नाही. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण कंपनीस मिळाले. या वेळी कल्याणास वेढा पडला नाही, टिटवाळ्यावरून फौजा धावल्या नाहीत. १७८० साली जे शस्त्राने घेऊन ठेवता आले नव्हते, ते सदतीस वर्षांनी कागदावर मिळाले.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ठाण्यावरील स्वारी ही रघुनाथरावाच्या दानपत्राचा परिणाम नसून त्या दानपत्राच्या आधीची होती. यास्तव आक्रमणाचे दायित्व केवळ गृहकलहावर टाकणे हे आक्रमकाला अनायासे मोकळे करणे होय. दुसरी, १७८०-८१ च्या मोहिमेचा कल्याण परिसरावरील परिणाम लढायांच्या निकालावरून ठरविता येत नाही, कारण जय आणि पराजय या दोन्हींचा भार त्याच गावांवर पडला. तिसरी, साळबाईच्या तहाने मुलूख परत मिळाला हे विधान वसुलाच्या हक्कापुरते खरे, सामरिक सुरक्षिततेच्या बाबतीत अपुरे, आणि रयतेच्या स्थितीविषयी निरर्थक आहे.

न. चिं. केळकर यांचा ‘मराठे व इंग्रज’ हा ग्रंथ १९१८ साली, पेशवाईच्या अस्तास शंभर वर्षे झाली त्या प्रसंगी प्रसिद्ध झाला. त्या पिढीस राज्य का गेले हा प्रश्न सोडवावयाचा होता, आणि तो प्रश्न मोठा होता. राज्य गेले-आले त्या वेळी गावात काय झाले, हा प्रश्न त्याहून लहान दिसतो. पण त्याचे उत्तर तहनाम्यांत मिळत नाही. ते शोधावयाचे तर कौलनामे, इस्ताव्याची मुदत, बांधदुरुस्तीचा खर्च, जकातीची आकारणी असे रूक्ष कागद लढायांच्या पत्रांइतक्याच आस्थेने वाचले पाहिजेत.

कल्याण शहराभोवती सतराव्या शतकाच्या अखेरीस पुरा झालेला दगडी तट होता. मे १७८० मध्ये कँपबेलने जे घेतले आणि मराठ्यांनी जे सोडविण्याचा यत्न केला, ते या तटाच्या आतील शहर. इंग्रजी अमदानीत त्या तटाचे दगड काढून ते कल्याणच्या व ठाण्याच्या धक्क्यांच्या बांधकामास वापरण्यात आले. १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत आगगाडी आली, आणि पुढील वर्षी लोहमार्ग टिटवाळ्यावरून वासिंदपर्यंत गेला. हार्टलेची फौज ज्या बाजूने सरली, त्याच बाजूने आता रूळ गेले. मोहन्याच्या शेतांवरून या सर्व गोष्टी जात राहिल्या. शेतांत काय उरले याची जमाबंदी मात्र वेगळ्याच दप्तरात पाहावी लागेल.